नळीवर बांधलेला लग्नाचा टॉवेल

मित्रांनो, मी एक जुनी शिकारी बंदूक आहे. शुमादियाच्या टेकड्यांमध्ये क्लेनोवा नावाचे गाव आहे, तिथे स्तामेना नावाच्या म्हातारीच्या स्वयंपाकघरात मी खिळ्याला टांगलेली असते. माझ्या एका बाजूला सुक्या मिरच्यांची माळ आहे आणि दुसऱ्या बाजूला कॅलेंडर आहे. काडतूस आत ढकलणारी जी पोलादी दांडी हाताने मागे-पुढे ओढतात तिला बोल्ट म्हणतात. माझा बोल्ट काढून टेबलाच्या खणात ठेवला आहे. माझी नळी वाकलेली आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही जीव मुठीत धरून बसणार नाही. जे व्हायचे ते होऊन गेले, आणि मला आता त्याचे फारसे काही वाटत नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. एखाद्या म्हाताऱ्या कारागिराने दिव्याच्या उजेडात मला घडवले वगैरे काही नाही. एका यंत्राने माझ्या पोलादाला आरपार भोक पाडले, दुसऱ्याने त्यात पिळाचे चर कापले, तिसऱ्याने अक्रोडाच्या ओंडक्यातून माझा दस्ता कोरला. यंत्रांना घाई होती. बोल्टच्या खाली ओरखडे राहिले ते राहिलेच, आणि माझ्या वाट्याला लाकूडही फिकट, पोटाला एक गाठ असलेले आले. माझ्याबरोबर त्या दिवशी जन्मलेल्या बहिणींची मोजदाद कोणी मला सांगितली नाही, पण फळी भरली होती.

फळीच्या टोकाशी पर्सिदा नावाची बाई बसत असे. घरी बायका डाळ निवडतात तशी ती दिवसभर बंदुका निवडत असे. तिने मुद्दाम जास्त दारू भरलेले काडतूस माझ्यातून उडवले. मी तडकले नाही. मग तिने बोल्ट काढून मागून डोळा लावला, नळी खिडकीकडे धरली आणि जरा वेळ श्वास रोखून पाहिले.

"चालेल," ती म्हणाली, आणि माझ्यावर ठसा मारला. माझ्या आयुष्यातले ते पहिले कौतुक. ते ऐकून मला आनंद झाला होता, हे मात्र आठवते.

तालुक्याच्या गावी एका दुकानात आम्ही चौघी ओळीने उभ्या होतो. बाकीच्या तिघींच्या लाकडावर सुरेख रेषा होत्या, त्यामुळे गिऱ्हाइके त्यांच्याशीच लगट करत. मग एका सकाळी ओब्राद आला, सोबत त्याची बायको स्तामेना होती. त्याची प्लमची बाग होती, आणि आसपासच्या गावांत शिकारीच्या बंदुकीतले कळणारा माणूस म्हणून त्याचे नाव होते. त्याने रेषांकडे पाहिलेच नाही. प्रत्येकीचा बोल्ट ओढून तो किती डुगडुगतो ते पाहिले. नळीतून खिडकीच्या चौकटीकडे पाहिले. चौकटीची सावली आत सुतासारखी सरळ गेली तर नळी सरळ, कुठे मोडली तर वाकडी. शेवटी त्याने खिशातून सिगारेटचा पातळ कागद काढला आणि नळी व तिच्याखालचे लाकूड यांच्या मधल्या फटीत सरकवला.

दुकानदार हात बांधून बघत होता. "ओब्राद, बंदूक घ्यायला आलायस की मुलगी बघायला?"

"मुलगी बघताना एवढं बघितलं नव्हतं," ओब्राद म्हणाला. "म्हणून आता बघतोय."

"मीसुद्धा बघितलं नव्हतं," स्तामेना शांतपणे म्हणाली. "नाहीतर आज तू एकटाच आला असतास."

दुकानदार पोट धरून हसला. ओब्रादही हसला, पण त्याचे लक्ष कागदाकडे होते. दोघींमध्ये तो अर्ध्यात अडकला, एकीमध्ये शिरलाच नाही. माझ्यात मात्र तो टोकापासून मुळापर्यंत न अडता गेला.

मित्रांनो, हा कागद म्हणजे काय ते समजून घ्या, कारण पुढचे सगळे त्यावरच आहे. एखादे ताट हवेत धरून त्यावर चमचा मारा, ते छान वाजेल. मग ताटाला हात लावून धरा आणि पुन्हा मारा. आवाज बदलेल. गोळी सुटते तेव्हा नळी त्या ताटासारखी थरथरते. ती दर वेळी सारखीच थरथरली तर गोळ्या एका जागी जातात. तिला काही चिकटले, कशाने तिला धरून ठेवले, की गोळी दुसरीकडे जाते. म्हणून नळी मोकळी हवी.

"हीच," ओब्राद म्हणाला. "दिसायला काही नाही. पण हिला कोणी धरलेलं नाही."

नंतरची बरीच वर्षे आम्ही दोघे बरोबर होतो. मी हरणे मारली, रानडुकरे मारली. ते लपवून काय उपयोग? त्या प्राण्यांबद्दल तुम्ही विचाराल, तर पोलादाला जेवढे वाटायचे तेवढे वाटले. ओब्राद मेलेल्या जनावराच्या तोंडात हिरवी डहाळी ठेवायचा आणि टोपी काढून थोडा वेळ उभा राहायचा. आमच्याकडचे शिकारी तसे करतात. माझा बोल्ट आधी कडक होता, वापरून वापरून तो गुळगुळीत झाला. मला ओब्रादचे बोट ओळखता येऊ लागले. ते चापावर सावकाश यायचे, अजिबात झटका न देता.

शरद ऋतूत शिकार सुरू होण्याआधी गावातले शिकारी आमच्या अंगणात अक्रोडाखाली जमत. प्रत्येक जण आपली बंदूक घेऊन येई आणि ओब्राद ती पारखून देई. वुकोमान म्हणून एक शेजारी होता, त्याच्याकडे महागडी परदेशी बंदूक होती.

"सांग, काय म्हणते माझी राणी?" तो विचारायचा.

"नळी सोन्यासारखी आहे," ओब्राद कागद सरकवत म्हणायचा. "मालक कधी पुसत नाही तिला, एवढंच म्हणते."

सगळे हसायचे, वुकोमान सगळ्यांत जास्त. ओब्रादने चांगली म्हटलेली बंदूक चांगली, आणि वाईट म्हटलेली वाईट. त्यावर कोणी दुसऱ्याला विचारत नसे. त्या दिवसांत भिंतीवर टांगलेली असतानाही मला ताठ वाटायचे.

मग ओब्रादच्या उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या. छाटणीची कात्री आयुष्यभर चालवली, त्याचे ते देणे असावे. सकाळी सकाळी बोटे बधिर असायची. त्याने हे कोणालाच सांगितले नाही, स्तामेनालाही नाही. पण नेम धरताना मला ते कळायचे, आणि हेही कळायचे की चापावर येताना ते बोट पहिल्यासारखेच सावकाश येते. बधिर झाले तरी ते आपले काम विसरले नव्हते. ओब्रादला मात्र त्या बोटाचा भरवसा वाटेनासा झाला होता.

त्याच वर्षी त्याच्या एकुलत्या एक मुलाचे, नेगोवानचे लग्न ठरले. मुलगी पलीकडच्या खोऱ्यातली, झिवाना तिचे नाव. आमच्याकडे वऱ्हाड मुलीच्या दारी गेले की तिथे उंचावर एक सफरचंद टांगलेले असते. वरपक्षाने ते गोळीने पाडायचे. पडल्याशिवाय नवरी बाहेर येत नाही. नेगोवानने सैन्यातले दिवस सोडले तर बंदूक हातात धरलेली नव्हती. "बाबा, सफरचंद तुझं," तो म्हणाला. ओब्रादने नुसती मान हलवली.

आमच्याकडे लग्नात ज्याचा मान असतो त्याला टॉवेल बांधतात. गाडीला बांधतात, घोड्याला बांधतात, वाजंत्र्यांच्या कर्ण्याला बांधतात. स्तामेनाने हिवाळाभर मागावर बसून लाल काठाचे टॉवेल विणले होते. लग्नाच्या सकाळी ओब्राद दाढी करत होता, तेव्हा तिने त्यांतला सगळ्यात सुंदर टॉवेल घेतला आणि माझ्याभोवती, नळी आणि लाकूड एकत्र धरून, गुंडाळला. गाडीत सुटू नये म्हणून करकचून ओढला आणि दुहेरी गाठ मारली.

"आता शोभतेस घरची," ती मला म्हणाली.

मला फार आवडले. इतकी वर्षे माझ्या लाकडाकडे कोणी पाहिले नव्हते. ओब्राद बाहेर आला, त्याने मला पाहिले आणि तोही हसला.

वाटेत भुरभुर पाऊस होता. ओला टॉवेल आणखी आवळला. झिवानाच्या बापाने, वेलिसावने, सफरचंद साध्या काठीवर न टांगता ओढ्यापलीकडच्या पॉपलरच्या उंच झाडाच्या शेंड्यावर टांगले होते, मागे सगळी मोकळी टेकडी. अंतर बरेच होते. "व्याही नेमबाज आहेत म्हणे," तो म्हणाला, "मग त्यांना जवळचं सफरचंद देणं म्हणजे अपमानच की."

ओब्रादने नेम धरला. बोट सावकाश आले. मी आपले काम केले, पण नळी थरथरू शकली नाही. ती लाकडाशी जखडलेली होती. गोळी सफरचंदाच्या डावीकडून गेली आणि एक डहाळी तुटून पडली.

"डहाळी नको होती, व्याही," वेलिसाव म्हणाला. "सरपण आहे आमच्याकडे."

दुसरी गोळी वरून गेली. वाजंत्र्यांनी मुद्दाम रडके सूर काढले. तिसऱ्या गोळीनंतर वेलिसावने एक खुर्ची आणून ओब्रादजवळ ठेवली. "बसा. घाई नाही. हिवाळ्यापर्यंत ते पिकून आपणच पडेल."

सगळे हसत होते, आणि त्यात कोणाचा दुष्टावा नव्हता. लग्नात अशी चेष्टा चालायचीच. शेवटी झिवानाच्या मामाने आपली छऱ्यांची बंदूक नेगोवानच्या हातात दिली, त्याने ओढा ओलांडून झाडाखाली जाऊन बार काढला, सफरचंदाचा चुरा झाला आणि नवरी बाहेर आली. रकियाचे, म्हणजे प्लमच्या दारूचे, पेले फिरले. ओब्रादनेही पेला घेतला, उजव्या हाताने घेऊन डाव्या हातात दिला आणि उजवी बोटे पाहत राहिला.

परतताना नेगोवान म्हणाला, "बाबा, बंदुकीत काहीतरी बिघाड आहे. कारखान्याचा माल, किती दिवस चालणार?"

"बंदूक मी पारखून घेतली आहे," ओब्राद म्हणाला.

आठवड्याभराने तो मला घेऊन बागेत गेला. टॉवेलच्या गाठीला त्याने हात घातला, तेवढ्यात स्तामेना ओरडत आली.

"सोडू नकोस. लग्नाची गाठ आहे ती. पोरांना मूल होईपर्यंत राहू दे."

"अगं, कापडाने काय होतंय?"

"काही होत नाही ना? मग राहू दे की."

त्याने राहू दिली. तुम्ही म्हणाल, एवढा पारखी माणूस, त्याला टॉवेल दिसला नाही का? दिसत होता. पण तो त्याला बंदुकीचा भाग वाटतच नव्हता, तो लग्नाचा भाग होता. शिवाय त्याच्या मनात उत्तर आधीच तयार होते. त्याने झाडाला पुठ्ठा टांगून गोळ्या झाडल्या. टॉवेल आता सुकला होता, त्यामुळे गोळ्या लग्नातल्यापेक्षाही वेगळ्या, एक इकडे एक तिकडे गेल्या. ओब्राद पुठ्ठ्याजवळ गेला, परत आला आणि आपल्या उजव्या हाताकडे असे पाहू लागला जसे कोणी मेलेल्या जनावराकडे पाहते.

"तुझा दोष नाही," तो मला म्हणाला. "मीच संपलो."

मला ओरडून सांगावेसे वाटले. बंदुकीला एकच आवाज असतो, आणि तो चुकीच्या जागी गेला होता.

त्यानंतर ओब्राद शिकारीला गेला नाही. शरदात शिकारी अक्रोडाखाली आले, तेव्हा तो म्हणाला, "आता वुकोमानला विचारा. माझ्यात राम नाही." ते गेले, आणि पुढच्या वर्षी आलेच नाहीत. तो छाटणीही मजुरांकडून करून घेऊ लागला. दुपारभर खिडकीशी बसायचा, जेवण पुढे ठेवले तर जेवायचा. दुःखी असावा, पण तसा दिसायचा नाही. काहीच दिसायचा नाही. नेगोवान आणि झिवाना कामासाठी व्हिएन्नाला गेले. तिथे त्यांना मुलगी झाली, त्याचा आनंद झाला, दारात मेंढी भाजली, पण त्या गाठीची कोणालाच आठवण राहिली नाही. नेगोवान फोनवर अधूनमधून म्हणायचा, "बाबा, ती बंदूकच खराब होती." ओब्राद म्हणायचा, "हो, हो." टॉवेलखाली मी गंजत होते. आधी वाईट वाटायचे, मग सवय झाली, मग वाटणेही थांबले.

एका वसंतात, बाग फुलात असताना, ओब्राद खिडकीशी बसल्या बसल्या वारला. आमच्याकडे थडग्याच्या क्रुसालाही टॉवेल बांधतात. स्तामेनाची नजर अधू झाली होती, माग केव्हाच बंद पडला होता. दुकानचा टॉवेल तिला बांधायचा नव्हता. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"माझ्या हातचा हाच उरलाय," ती म्हणाली. "घेऊन जाऊ दे त्याला."

गाठ बोटांनी सुटेना, तिने दातांनी सोडवली. टॉवेल उतरला आणि माझी नळी लाकडापासून केसभर वर आली. मी मोकळी झाले, मित्रांनो, आणि मला आनंद झाला नाही. ज्याच्यासाठी मोकळे व्हायचे तो शेजारच्या खोलीत मेणबत्त्यांमध्ये पडलेला होता.

मृत्यूनंतरच्या चाळिसाव्या दिवशी, आमच्याकडच्या रीतीप्रमाणे, शिजवलेला गहू वाटला गेला, अंगणात पाने मांडली गेली. वुकोमान बोलता बोलता म्हणाला, "सोन्यासारखा माणूस. शेवटी हात गेला, दुसरं काय."

नेगोवानने चमचा खाली ठेवला. "हात नव्हता गेला. बंदूक खराब होती."

"ओब्रादने स्वतः पारखलेली बंदूक?" वुकोमान हळूच म्हणाला. "मग डोळा गेला म्हणायचा का? एक काहीतरी गेलंच होतं, पोरा. त्यात लाज कसली?"

स्तामेना तिथेच भाकरी कापत होती. तिचा सुरीवरचा हात थांबला. नेगोवान उठला, घरात आला, मला खिळ्यावरून काढले आणि खाली बागेत गेला. त्याला फक्त एवढेच सिद्ध करायचे होते की मी वाईट आहे.

त्याने जेवणातली एक कागदी थाळी झाडाला टाचली. पोते घडी करून मला त्यावर टेकवले, म्हणजे हाताचा प्रश्नच नको. त्याने तीन गोळ्या झाडल्या. मी थरथरले, मोकळेपणी, ओब्रादबरोबरच्या जुन्या दिवसांसारखी. तो थाळीजवळ गेला. तिन्ही भोके एकमेकांना लागून होती, वर कॉफीचा छोटा पेला ठेवला असता तर झाकली गेली असती.

नेगोवान गवतात बसला. त्याने थाळी बराच वेळ हातात धरली. माझ्या चांगुलपणाचा याहून स्पष्ट दाखला कोणी कधी मिळवला नव्हता, आणि तो दाखला त्याच्या बापाच्या विरुद्ध होता. त्याला रडू आले नाही. माझ्यासारखेच त्याचेही वाटणे थांबले होते. मग त्याने थाळीचे बारीक तुकडे केले आणि खिशात घातले. जुन्या प्लमच्या दोन फांद्या फुटतात त्या बेचक्यात त्याने माझी नळी घातली आणि सगळा भार टाकून दाबली. पुन्हा दाबली. तो हळू आवाजात म्हणाला, "माफ कर." मला म्हणाला की बापाला, ते मला समजले नाही. माझी नळी वाकली.

अंगणात येऊन त्याने बोल्ट काढला आणि मला वुकोमानच्या हातात दिले. "बघ."

वुकोमानने नळी छपराच्या कडेकडे धरून डोळा लावला. तो बघतच राहिला. "सावली मोडलीय," तो म्हणाला. "वाकलीय ही. पण दुकानात ओब्रादला—"

"दुकानात सरळ होती," नेगोवान म्हणाला. "लग्नाच्या सकाळी गाडीत ठेवताना माझ्या हातून दगडावर पडली. मी बोललो नाही. बाबाने परत नळीत पाहिलंच नाही, स्वतःलाच दोष देत बसला."

वुकोमानने टोपी काढली. "म्हणजे हात पण ठीक, डोळा पण ठीक," तो म्हणाला. "आणि आम्ही काय काय बोललो."

स्तामेना सुरी ठेवून उठली आणि नेगोवानसमोर येऊन उभी राहिली.

"तुला माहीत होतं?"

"हो, आई."

"तो एवढी वर्षं खिडकीशी बसून होता, आणि तुला माहीत होतं?"

ती आत निघून गेली. दुसऱ्या दिवशी तो व्हिएन्नाला परतला, तेव्हा तिने गाडीत खाऊची पिशवी ठेवली, पण दारात उभी राहिली नाही. अजूनही फोनवर ती नातीशी पोटभर बोलते, आणि त्याने फोन घेतला की "ठीक आहे" म्हणून ठेवते. नेगोवानला वाटते, बापाचा हात गेला होता आणि ते आपण झाकले. त्या हाताचा दोषच नव्हता, हे त्याला कधी कळणार नाही. मी सांगू शकत नाही. आणि खरे सांगू? सांगता आले असते तरी कोणाला सांगितले असते? स्तामेनाला?

मित्रांनो, अशा गोष्टींच्या शेवटी जुन्या वस्तू म्हणतात, आम्हाला जपा, आम्हाला तेल द्या. माझे तसे काही मागणे नाही. मला कोणी दुरुस्तीला मात्र नेऊ नका. एवढेच सांगते की एखाद्याला चांगले किंवा वाईट ठरवायच्या आधी, त्याला तुम्ही काय काय बांधून ठेवले आहे ते सोडवून बघा. प्रेमाने बांधलेले असेल तर ते आधी सोडवा, कारण त्याच्याकडे कोणी संशयाने पाहत नाही.

दर शनिवारी स्तामेना मला खिळ्यावरून काढते आणि तेलाच्या फडक्याने पुसते. टॉवेल होता तिथे माझ्या नळीवर गंजाचा एक पट्टा आहे, आणि त्या गंजात तिच्या मागावरची वीण धाग्याधाग्याने उमटली आहे. तिची नजर अधू आहे. ती त्यावर अंगठा घासत राहते.

"कशाचा डाग आहे कोण जाणे," ती म्हणते. "किती पुसला तरी जात नाही."